कथेची बांधणी व प्रतीकांचा अर्थ

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी किंचित विस्तारून)



शालेय विद्यार्थ्यांनी साहित्य कसे वाचावे, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय थोर आणि आमची विद्या तोकडी. जुन्या अकरावीची मॅट्रिक व त्यावर अध्यापनाची पदविका, एवढ्या शिदोरीवर आम्ही तीन तपे या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांत मराठी शिकविली. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये. वर्गात जे उपयोगी पडले तेवढेच सांगण्याचा मानस आहे, आणि त्यातही दोनच गोष्टी : कथानक कसे बांधलेले असते आणि प्रतीक म्हणजे काय.

या दोनच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, आपल्या मुलामुलींच्या उत्तरपत्रिका आम्ही अजूनही पाहतो. निवृत्त मास्तराकडे मुले येतात, पालक धाडतात. त्यांत शुद्धलेखन बरे असते, व्याकरण बरे असते. पण 'स्वमत' आणि 'रसग्रहण' आले की सर्वांची उत्तरे एकसारखी. २०१८ साली दहावीचे पुस्तक बदलले आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. मुलाने स्वतःच्या डोक्याने विचार करावा हा हेतू उघड होता. पण बाजारात लगेच तयार 'स्वमते' आली! स्वतःचे मतही दुसऱ्याकडून विकत घ्यावे, हा प्रकार आम्हांस मोठा विलक्षण वाटतो. आणि पालकांचे म्हणाल तर गणितास शिकवणी, विज्ञानास शिकवणी, इंग्रजीस तर दोन दोन शिकवण्या. मराठी मात्र 'घरचीच आहे, येईल आपोआप.' घरची गाय म्हणून तिला चाराच घालू नये, तसे हे.

असो. आता विषयाकडे वळू. पुस्तकातील शब्द जड असतात. म्हणून आम्ही वर्गात प्रारंभ नेहमी लोणारपासून करीत असू. लोणारची कथा या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालच्या विवरात राहत असे. वर झाकण घातलेले, त्यामुळे त्याचा ठाव कोणास लागत नसे. त्याने देवामाणसांस त्राहि त्राहि करून सोडले. तेव्हा विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले. दैत्याच्या बहिणी त्या रूपावर भाळल्या आणि त्यांनी भावाचे विवर दाखवून दिले. देवाने पायाच्या अंगठ्याने झाकण उडविले, युद्ध झाले, दैत्य मेला. त्याच्या रक्ताचे पाणी झाले, देहाचे मीठ झाले, ते हे सरोवर. गावातील दैत्यसूदनाचे प्राचीन देऊळ या कथेची साक्ष आजही देते.

ही कथा फळ्यावर पाच-सहा ओळींत लिहावी आणि मुलांस सांगावे की, यांतील एक ओळ पुसा. कोणती पुसली असता कथा मोडते ते पाहा. एक जण म्हणे, बहिणी पुसा. देव सर्वज्ञ आहे, त्याला विवर आपोआप कळेल. बरे, पुसल्या. मग काय उरले? देव आला, दैत्य मेला, गोष्ट संपली. मुलांचेच तोंड उतरे. 'गुरुजी, मग ही गोष्टच होत नाही.' का होत नाही? कारण अडथळा गेला. दैत्य सापडत नाही ही अडचण आहे, म्हणून रूप घ्यावे लागते. रूप घेतले म्हणून बहिणी भुलतात. त्या भुलल्या म्हणून विवर कळते. प्रत्येक घटना मागच्या घटनेच्या पोटातून निघते. नुसते 'मग काय झाले' हे सांगितले तर ती हकीकत. 'त्यामुळे काय झाले' हे सांगितले तर ते कथानक. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली आपल्या व्याख्यानांत हाच भेद राजाराणीच्या उदाहरणाने सांगितला होता. पण आमच्या मुलांस परक्या राणीपेक्षा लोणारचे झाकण अधिक समजले.

झाकणाचेच पाहा. आरंभी ते केवळ तपशील म्हणून येते. ऐकणाऱ्याला त्याचे महत्त्व वाटत नाही. पण ते उडते तो क्षण म्हणजे कथेचा कळस. जाणता कथाकार एखादी वस्तू आधी सहज ठेवून देतो आणि पुढे तिच्याकडून काम करून घेतो. विद्यार्थ्यांनी पाठ वाचताना पेन्सिलीने अशा वस्तूंखाली रेघ मारावी. शेवटी काम न करता राहिलेली वस्तू आढळली, तर लेखक ढिला आहे किंवा आपण तरी नीट वाचले नाही, हे समजावे. बहुधा दुसरे.

एके वर्षी सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, 'गुरुजी, त्या बहिणींचे पुढे काय झाले?' वर्ग हसला. आम्ही हसलो नाही. भाऊ गेला, तो आपल्याच तोंडून गेला, आणि ज्याच्यासाठी तो गेला तो रूपवान तरुण तर देव निघाला. मग त्या दोघी कोठे गेल्या? आम्ही जी कथा लहानपणापासून ऐकली तिच्यात याचे उत्तर नाही. कथेचे त्यांच्याकडचे काम संपले आणि कथेने त्यांस सोडून दिले. कथानकाचा अभ्यास खरोखर येथे सुरू होतो. कथेत कोणाचा शेवट सांगितला आहे आणि कोणाचा सांगितलेला नाही, हा प्रश्न वरवर पोरकट दिसतो, परंतु फार खोल आहे. त्याविषयी पुढे बोलू.

आपल्या पूर्वजांनी या शास्त्राचा किती विचार केला होता हे मुलांस सांगितले म्हणजे त्यांस आश्चर्य वाटते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूची पाच अंगे सांगितली आहेत : बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. बीज म्हणजे आरंभी अल्प रूपात टाकलेले, पुढे विस्तारणारे कारण. बिंदू म्हणजे मध्ये तुटू पाहणारा धागा पुन्हा जोडणारा प्रसंग. पाण्यावर तेलाचा थेंब पसरतो तसा तो पसरतो, अशी त्याची फोड टीकाकारांनी केली आहे. पताका म्हणजे मुख्य कथेबरोबर लांबवर चालणारे उपकथानक, रामायणात सुग्रीवाचे. आणि प्रकरी म्हणजे थोडक्यात संपणारे, शबरीचे. याखेरीज पाच अवस्था आहेत, पाच संधी आहेत. त्या सर्वांची नावे पाठ करण्याचे शाळेत प्रयोजन नाही. आम्ही मुलांचे लक्ष वेधीत असू ते शब्दांकडे. बीज, गर्भ, फलागम : हे शब्द कोठले? शेतातले. ज्याने हे शास्त्र रचले त्याने पेरणीपासून मळणीपर्यंतचा क्रम डोळ्यांपुढे ठेवला असला पाहिजे. मग आपल्या काळ्या मातीतल्या, कपाशी-सोयाबीन पेरणाऱ्या घरांतील मुलांस कथानक अवघड का जावे? जर्मन लेखक गुस्ताव फ्राइटाग याने १८६३ साली नाटकाच्या बांधणीची उतरंडीसारखी आकृती काढली. चढ, शिखर आणि उतार. इंग्रजी शाळांतील मुले ती वहीत काढतात, काढोत बापडी. पाच अंकी शोकांतिकेस ती ठीक बसते. पण प्रत्येक कथेवर तीच टोपी घालू गेले असता डोके मोठे तरी ठरते किंवा टोपी लहान तरी.

बांधणीत एक गोष्ट बदलली की अर्थ कसा पालटतो, याचा सर्वांत मोठा पुरावा शाकुंतल हा होय. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तेथे शकुंतला मुलास घेऊन राजसभेत येते, राजाला सर्व आठवत असते आणि तरी तो तिला ओळखत नाही असे म्हणतो. ती भर सभेत त्यास खडे बोल सुनावते. अखेर आकाशवाणी होते व राजा तिचा स्वीकार करून म्हणतो की, लोकांस संशय राहू नये म्हणून आपण असे वागलो. कालिदासाने यात शाप आणला, अंगठी आणली, ती पाण्यात पाडली, माशाच्या पोटात घातली आणि कोळ्याच्या हाती दिली. परिणाम काय झाला? राजाचे खोटे बोलणे पुसले गेले, त्याच्या जागी विस्मरण आले. दोषी राजा आता दुर्दैवी राजा झाला.

येथे आम्ही वर्गाचे दोन भाग पाडीत असू. एकाने कालिदासाची बाजू घ्यावी, दुसऱ्याने महाभारताची. वाद असा रंगे की तास संपल्याची घंटा ऐकू येत नसे. आमचे स्वतःचे मत विचाराल तर, अंगठीमुळे राजाच्या पश्चात्तापाचा सहावा अंक मिळाला आणि तो करुणरम्य अंक गमावण्यास आम्ही तयार नाही. पण त्याची किंमत शकुंतलेने दिली. महाभारतातील शकुंतलेची ती निर्भय वाणी नाटकात तशी उरली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दहावीच्या मुलास दोन्ही एकदम मनात धरता येतात, असा आमचा अनुभव आहे. मोठ्यांस कधी कधी जमत नाही.

आता त्या सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. असा प्रश्न विचारणारी ती या मातीतली पहिली नव्हे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी याच बुलढाण्यातील एका स्त्रीने तो विचारला होता. ताराबाई शिंदे यांचे नाव पाठ्यपुस्तकात, भाषणात आता येते. परंतु त्या उत्तम वाचक होत्या हे क्वचितच सांगितले जाते. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल खटला चालून तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झोड उठली. तेव्हा ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध लिहिला व १८८२ साली तो पुण्यात छापून निघाला. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे निबंध विस्मृतीत गेला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला.

त्या निबंधात ताराबाईंनी त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांची नावे घेऊन त्यांची झडती घेतली आहे. कपट, चंचलपणा, अविचार हे सर्व दुर्गुण कथेत स्त्रीच्याच पदरी का बांधले जातात, आणि अशा गोष्टी प्रत्यक्ष संसारात कोणी पाहिल्या आहेत काय, असा त्यांचा रोख आहे. मुलांच्या भाषेत सांगायचे तर, कथानकाचे गाडे पुढे ढकलण्यासाठी लेखकाला एक लबाडी हवी असते आणि ती तो स्त्रीच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. लोणारच्या बहिणी आठवा. ताराबाईंपाशी शाळा-महाविद्यालयाची कोणतीही पदवी नव्हती. घरी बसून वाचलेली पुस्तके आणि शाबूत ठेवलेली बुद्धी, एवढ्यावर त्यांनी हे केले. आज ज्या मुलींनी येथे बक्षिसे घेतली त्यांनी हा निबंध मिळवून वाचावा. भाषा जुनी आहे, ठिकठिकाणी तिखट आहे. पण ती आपल्याच गावची असल्याने झोंबली तरी पचेल.

आता प्रतीक. या शब्दाने मुलांच्या पोटात गोळा येतो. गाईडांनी त्याचा पाढाच करून टाकला आहे : कमळ म्हणजे पावित्र्य, दिवा म्हणजे ज्ञान, ढग म्हणजे आशा, रात्र म्हणजे दुःख. पाढ्यात बे दुणे चार हे सर्वत्र चार असतात. प्रतीकाचे तसे नाही.

हा भेद समजण्यासाठी आधी दृष्टांत घ्यावा. आपल्या मराठी गद्याचा आरंभ ज्या महानुभाव ग्रंथांपासून मानतात, त्या लीळाचरित्रात आपल्या जिल्ह्यातील लोणार, मेहकर ही गावे येतात. चक्रधरस्वामींनी प्रसंगोपात्त सांगितलेल्या दृष्टांतांचा संग्रह केशिराजबास यांनी तेराव्या शतकात केला, तो दृष्टांतपाठ. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. आधी सूत्र, म्हणजे तत्त्व. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट तत्त्वाशी कशी जुळते त्याचा उलगडा. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. कोणी पाय चाचपला, कोणी कान, कोणी सोंड. ज्याने त्याने हाती आलेल्या अवयवालाच हत्ती म्हटले. दृष्टांतात हत्ती म्हणजे काय आणि आंधळे म्हणजे कोण, हे शेवटी स्वच्छ सांगितलेले असते. ऐकणारा शंकेत राहू नये हाच त्याचा हेतू.

प्रतीकात ही तिसरी पायरी लेखक मुद्दाम लिहीत नाही. ती वाचकाने चढावयाची असते. शिवाय प्रतीक आधी खरीखुरी वस्तू असते. शाकुंतलातील अंगठी ही आधी अंगठीच आहे. बोटातून घसरते, माशाच्या पोटात जाते, शिपाई तिच्यावरून कोळ्याला पकडतात. ती आठवणीची खूण होते ती त्यानंतर. जो विद्यार्थी एकदम 'अंगठी हे स्मृतीचे प्रतीक आहे' असे लिहितो त्याला आम्ही अर्धा गुण देत असू. जो आधी अंगठीचा सारा प्रवास सांगतो आणि मग म्हणतो की राजाची आठवणही अशीच हरवली, खोल गेली आणि भलत्याच माणसाच्या हातून परत आली, त्याला पूर्ण.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण घरचेच आहे. व्यवसायाने वकील, वृत्तीने रानातले. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर गेली. कवीचा त्याच नावाचा पहिला संग्रह १९५४ साली निघाला आणि पुढे 'खूणगाठी' या संग्रहास १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शीळ म्हणजे काय? ओठांतून निघालेला वारा. पण ती कविता ऐकता ऐकता शीळ ही मनाची ओढ होते, अडवता न येणारी हाक होते. कोणत्या कडव्यात ती आवाज राहिली नाही, हे बोट ठेवून दाखवा असे मुलांस सांगितले, तर प्रत्येकाचे बोट वेगळ्या ओळीवर जाते. गाईडात मात्र एकच ओळ छापलेली असते.

आता एक प्रसंग सांगतो. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, ती या सभेतील पुष्कळांनी अंगावर झेललेली आहे. उभा गहू व हरभरा आडवा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका परीक्षेत पावसाळी ढगांवरील कवितेखाली प्रश्न होता : ढग कशाचे प्रतीक आहे? आमच्याकडे अभ्यासास येणाऱ्या एका मुलीने लिहिले, 'ढग हे भीतीचे प्रतीक आहे.' तपासनिसांनी त्यावर काट मारून शून्य दिले. मुलगी उत्तरपत्रिका घेऊन आली. रडत नव्हती, संतापलेली होती. 'गुरुजी, ढग आले की आमच्या घरी बाबा जेवत नाहीत. मग आशा कशी लिहू?'

तपासनिसांनी शून्य दिले हे गैर झाले, असे आम्ही तिला स्पष्ट सांगितले. पण तिचे उत्तर बरोबर होते असे मात्र सांगितले नाही, आणि आजही सांगणार नाही. तिला आम्ही ती कविता पुन्हा वाचावयास लावली. त्या कवितेत ढग येतात तेव्हा कोण काय करते? पाखरे बोलू लागतात, माती दरवळते, माणसे अंगणात येतात. कवितेतील कोणीही भीत नाही. म्हणजे कवितेतील ढग भीतीचा नाही. भीतीचा ढग तुझ्या घरावरचा आहे. दोन्ही ढग खरे आहेत, पण ते दोन आहेत. तिने विचार केला आणि नवे उत्तर लिहिले. कवितेत ढग सुखाची चाहूल कसा आहे हे पुराव्यानिशी आधी. आणि नंतर, 'परंतु या वर्षी आमच्या गावात ही कविता वाचताना ती दुसऱ्या कोणाच्या शेतातील वाटते,' असे एक वाक्य. असे वाक्य आम्हांस तीन तपांत फार थोड्या वेळा वाचावयास मिळाले. 'स्वमत' या शब्दाचा अर्थ आम्ही तेव्हापासून सर्वांस त्या वाक्यावरून सांगत आलो. मनास येईल ते लिहिणे हे स्वमत नव्हे, आणि गाईडातील उतारा तर नव्हेच. आधी पुस्तक काय म्हणते ते न्यायाने सांगावे, मग आपण कोठे उभे आहोत ते निर्भयपणे सांगावे.

लोणारकडे या दृष्टीने पुन्हा पाहता येईल. मोठे मुलगे विचारतात, 'गुरुजी, ते तर उल्कापाताने झाले ना?' होय, बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले ते विवर आहे, व्यास सुमारे पावणेदोन-दोन किलोमीटर; २०२० साली रामसर यादीत त्याची नोंद झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखविले. तथापि त्या दिवसांत ज्यांस कथा ठाऊक होती त्यांस दैत्याचे रक्त आठवले नसते तरच नवल. मग कथा खोटी का? विवर कसे झाले हे विज्ञान सांगते. त्या विवराकाठी राहणाऱ्या माणसांना तहान लागलेली असता समोर दिसणारे, परंतु पिता न येणारे पाणी कसे वाटले, ते कथा सांगते. जे पाणी तोंडात घालवत नाही ते वैऱ्याच्या अंगातूनच आले असले पाहिजे! मीठ येथे मीठही आहे आणि वैरही. ज्याला ही दोन उत्तरे दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत हे समजले, त्याला प्रतीक समजले.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सांगताना थोडे स्पष्ट बोलावे लागेल. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. मुलांस गोष्ट लिहावयास दिली की आम्ही शेवट पाहत असू. दहांपैकी आठ गोष्टींत शेवट एकच : मुलगा शिकला, त्याला नोकरी लागली, आईबापांचे डोळे पाणावले. फलागम म्हणजे नोकरी. ही गोष्ट मुलांनी रचलेली नाही. ती त्यांनी घरी ऐकलेली आहे. ज्या मंडपात आपण बसलो आहोत तेथेच उद्या वधू-वर परिचय मेळावा आहे. परिचयपत्रिका आम्ही चाळल्या. 'नोकरीवालाच हवा' हे वाक्य ज्या पालकांनी लिहिले आहे, त्यांतील बहुतेकांच्या स्वतःच्या घरी शेती आहे आणि मुलगाही शेती करणारा आहे.

या ठिकाणी आपल्या जिल्ह्याचेच कादंबरीकार सदानंद देशमुख यांची 'बारोमास' वाचावी. ही कादंबरी २००२ साली निघाली व २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकनाथ हा तिचा नायक. पदव्या आहेत, नोकरी नाही. शेत आहे, ते पोट भरू देत नाही. पत्नी अलका हिचे मन त्या संसारात रुजत नाही. धाकटा भाऊ मधू हाही शिकलेला आणि तसाच अडकलेला. म्हणजे आमच्या मुलांची गोष्ट जेथे संपते तेथून ही सुरू होते : मुलगा शिकला, आणि नोकरी लागली नाही, मग?

तिला फ्राइटागची आकृती लावून पाहा, बसत नाही. एक मोठे शिखर आणि मग उतार असे तिच्यात नाही. एक अडचण संपत नाही तोच दुसरी, एक हंगाम गेला की पुढचा. कोणी म्हणेल की बांधणी सैल आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या जीवनात सुटका करणारा कळस येतच नाही त्याची कथा कळसाची बांधली तर ती खोटी ठरेल. आणि नावाकडे पाहा. उत्तरेकडील जुन्या काव्यांत 'बारहमासा' नावाचा प्रकार आहे. त्यात विरहिणी बारा महिन्यांचे दुःख महिन्यागणिक गाते. जायसीच्या पद्मावतात नागमतीचा बारहमासा प्रसिद्ध आहे. येथे बारा महिने तेच, परंतु विरह कोणाचा? आम्हांस वाटते, शेतकऱ्याचा आणि त्याच्या शेताचा. तो त्याच शेतात उभा आहे आणि तरी ते त्याचे राहिलेले नाही. हे लेखकाने कोठे सांगितले आहे असे नव्हे. ही आमची तिसरी पायरी आहे. एखाद्या विद्यार्थ्याने दुसरी दाखवावी, आम्ही आनंदाने ऐकू.

'आपलीच रड पुन्हा पुस्तकात कशाला वाचावयाची?' असे एका पालकाने आम्हांस विचारले होते. आम्ही त्यांस म्हटले, 'घरात आपण जे अलकेला बोलतो ते एकदा छापलेले वाचून पाहा.' त्यांनी पुस्तक नेले. दोन महिन्यांनी परत आणून दिले. काही बोलले नाहीत, मात्र 'सुनेनेही वाचले' एवढे सांगितले.

विद्यार्थ्यांसाठी आता कामाचे. दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने आपल्या आजीकडून किंवा गावातील वृद्ध माणसाकडून लोणारची किंवा आपल्या गावच्या टेकडीची, बारवेची, देवळाची कथा ऐकावी व जशीच्या तशी लिहावी. भाषा आजीचीच ठेवावी, पुस्तकी करू नये. दुसऱ्या पानावर तिच्यातील घटनांची साखळी 'त्यामुळे' हा शब्द घालून मांडावी, आणि जेथे 'त्यामुळे' बसत नाही तेथे फुली करावी. तिसऱ्या पानावर कथेतील अशी एक वस्तू निवडावी जी आधी वस्तू आहे आणि नंतर आणखी काही होते. तिचा प्रवास लिहावा. आणि चौथ्यावर, कथेने ज्याचा शेवट सांगितला नाही अशा एका माणसाचे नाव. शंभर पानी एकरेघी वही पुरे. वह्या तुळशीच्या लग्नापूर्वी संघाच्या कार्यालयात चिटणीसांकडे द्याव्यात. आम्ही त्या तपासून, प्रत्येकीवर शेरा लिहून परत करू. गाईडातून उतरलेली वही ओळखण्यास आम्हांस दोन ओळी पुरतात, हे आधीच सांगून ठेवतो.